भाची राहायला आलीय आणि तोंडच उघडत नाही? मग हे वाचा

ह्यांच्या चुलत बहिणीची मुलगी आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिला सोडायला वडील लातूरहून सोबत आले होते आणि पहिल्या दोन दिवसांत मी तिच्या तोंडून मोजून पाच शब्द ऐकले, त्यातले तीन "नको" होते. वय 22, बीकॉम झालेली, पहिलीच नोकरी, ऑफिस कल्याणीनगरला आणि आम्ही कोथरूडला. आता दीड वर्ष होईल. या दीड वर्षात मी भरपूर माती खाल्ली, म्हणून ज्यांच्याकडे अशी भाची, पुतणी, मैत्रिणीची धाकटी बहीण, पेइंग गेस्ट, कोणीही येणार असेल त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आधी आठवडाभर काहीही करू नका, फक्त लोक तिच्याबद्दल काय बोलतात ते ऐका. आमच्याकडे काय काय ऐकलं सांगते. सासूबाई म्हणाल्या वळण छान लावलंय हो आईने, मान वर करून बोलत नाही. लिफ्टमधल्या काकू म्हणाल्या तुमची भाची जरा शिष्टच दिसते, हसणं नाही बोलणं नाही. कामाच्या मावशी म्हणाल्या ताई जपून, ही आतल्या गाठीची आहे. माझा दहावीतला चिरंजीव म्हणाला ताई रोबो आहे. ऑफिसात टीममधल्या पोरी म्हणायच्या भाव खाते आणि मॅनेजर म्हणायचा कॉन्फिडन्स नाही (हे तिने मला फार नंतर सांगितलं). आता बघा, पोरगी एकच, गप्प बसणंही तेच, पण ज्याला घरात सून आणायचीय त्याला तिच्यात सून दिसते आणि ज्याला मान हवाय त्याला अपमान दिसतो. तिला स्वतःला कोणी काही विचारलेलं नाही, आणि गंमत म्हणजे यातलं जवळपास सगळं तिच्या कानावर गेलेलं असतं, कारण जे बोलत नाहीत त्यांना ऐकूही येत नाही असं लोक का धरून चालतात देव जाणे.

मला स्वतःला ती गरीब गाय वाटायची. मग एकदा रात्री पाणी प्यायला उठले तर बाल्कनीतून हसण्याचा आवाज. फोनवर धाकट्या बहिणीशी बोलत होती, आणि काय बोलत होती तर माझी नक्कल करत होती. "अगं घे ना, लाजतेस काय, आपलंच घर समज" हे माझ्याच हेलात, मध्येच पदर खोचायची माझी सवय सुद्धा आवाजात आणली होती पोरीने, आणि मग तिकडच्या बोलीत "मामी लई चांगलीय पण बोलायला लागली की थांबतच न्हाई बघ". मी तिथेच अंधारात तोंड दाबून हसत उभी. त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की ही घुमी नाही, हिला फक्त आमच्यासमोर बोलायची सवय नाही. तर पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: सवय नाही म्हणजे ती लावता येते.

ओळख करून देताना जिभेला लगाम घाला. "ही आमची भाची, फार लाजाळू आहे हं" हे वाक्य बंद. मी दहा-बारा वेळा तरी म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस तिच्याकडे प्राणीसंग्रहालयात आल्यासारखा बघायचा आणि ती आणखी आत जायची. एकदा असं जाहीर झालं की पुढे तिने बोलायचं ठरवलं तरी "अरे वा आज बोलली!" अशी टाळी पडते, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं ना. त्याऐवजी तिच्या कामाचं सांगा. ही अमुक, अकाउंट्समध्ये आहे, जीएसटीचं बघते. लगेच समोरच्याला आपलं जीएसटीचं रडगाणं आठवतं आणि तिला दोन वाक्यं बोलायला विषय मिळतो. हे फार काम करतं, खरंच.

"नको" चा अर्थ शिका. पहिला महिना मला वाटायचं पोरगी चिमणीसारखं खाते. एक पोळी, दुसरी विचारली की नको. मी आपली लगेच डबा बंद करायचे. मग नणंदेचा फोन, पोरगी बारीक झाली का गं. तेव्हा कळलं की त्यांच्याकडे पहिलं "नको" म्हणायचंच असतं, ती रीत आहे, दोनदा आग्रह झाल्यावर घ्यायचं. आणि आम्ही पुणेकर, एकदा विचारलं नाही म्हणाली विषय संपला. म्हणजे ती आमच्या घरी चक्क अर्धपोटी उठत होती आणि आम्ही म्हणतोय काय शहाणी मुलगी आहे, मागणं नाही काही नाही. उपाय सोपा, वाढायचं बंद करा. पोळ्यांचा डबा आणि भाजीचं भांडं टेबलावर तिच्या हाताशी ठेवा आणि स्वतः मोबाइलमध्ये बघा. चौथ्या दिवशी पोळ्या कमी पडायला लागल्या.

"काहीही चालेल" ला घाबरू नका. काय खाशील, कुठे जाऊया, कुठला रंग, सगळ्याला "काहीही चालेल". आधी राग यायचा. नंतर लक्षात आलं की घरी तिला कोणी कधी विचारलेलंच नाही. कॉलेज वडिलांनी ठरवलं, ड्रेसचं कापड आईने आणलं, मोबाइल भावाने घेऊन दिला आणि त्यात कुठली ॲप असावीत तेही त्यानेच ठरवलं. लाडात वाढलीय हो, कशाची कमी नाही, पण निवडायची वेळच आली नाही. अशा माणसाला एकदम "तुला काय आवडतं?" विचारणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. दोनच पर्याय द्या. उपमा की पोहे. आणि उत्तर येईपर्यंत गॅस पेटवायचा नाही. मी मनातल्या मनात दहा अंक मोजते, कधी वीस, फार अवघड जातं मला कारण माझी जीभ शिवशिवत असते.

तिच्या वतीने बोलू नका. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कठीण भाग. डॉक्टरांनी विचारलं काय होतंय की मी सांगायला सुरुवात करायचे, खोकला आहे हो चार दिवस, अशी मी. आता क्रम ठरवलाय. पहिल्यांदा काम मी करते, ती बघते. दुसऱ्यांदा ती करते आणि मी दोन पावलं मागे, शक्यतो पाठ करून. तिसऱ्यांदा ती एकटी जाते, मी घरी फोन हातात घेऊन. बँक, केमिस्ट, टेलर, सिलिंडरवाल्याला फोन, सगळं याच क्रमाने झालं. केमिस्टला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण दुकानात पुरुष असले की ती पॅड मागायचीच नाही, खोकल्याची गोळी घेऊन परत यायची. तीन पाकिटं जमली होती गोळ्यांची.

इथे एक गोष्ट सांगते जी माझ्या लक्षात उशिरा आली. हल्ली न बोलता अख्खं आयुष्य काढता येतं. वनाज-रामवाडी मेट्रोचं तिकीट मोबाइलवर, जेवण ॲपवर, रिक्षा ॲपवर, भाजीवाल्यालाही क्यूआर स्कॅन करून निघायचं. आम्ही म्हणत होतो बघा किती पटकन रुळली, एकटी ऑफिसला जाते येते. जात होती हो, पण दिवसभरात एका अनोळखी माणसाशी एक वाक्य न बोलता. म्हणून आठवड्यातून एकदा मुद्दाम मंडईत पाठवा जिथे भाव विचारावाच लागतो. नाहीतर बसने पाठवा. कंडक्टरला स्टॉपचं नाव मोठ्याने सांगावं लागतं, आणि गर्दीत हळू बोललं की तो "काय?" असं काही ओरडतो की दुसऱ्यांदा आपोआप आवाज निघतो.

एसटीचंही तसंच. मार्च 2023 पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, ते आम्ही तिच्या वडिलांना पटवून सांगितलं की तुम्ही न्यायला-सोडायला येता त्यात दोघांचं भाडं जातं, एकटी येऊ दे की अर्ध्यात. काळजीवर मात करता आली नसती, हिशोबावर केली.

बोलीवर हसू नका, प्रेमाने सुद्धा नाही. ऑफिसात पहिल्या आठवड्यात ती म्हणाली "सर फोनवर बोलायलेत". सगळे हसले, वाईट मनाने नाही, कोणीतरी "किती क्यूट" पण म्हणालं. त्यानंतर दोन महिने ती मीटिंगमध्ये एक अक्षर बोलली नाही आणि त्या दोन महिन्यांत तिचा तो "कॉन्फिडन्स नाही" वाला शिक्का पक्का झाला. आमच्या घरी आता मुलगा मुद्दाम तिला विचारतो ताई याला तुमच्याकडे काय म्हणतात, आणि पिठल्याला तिच्याकडे बेसन म्हणतात यावर जेवताना अर्धा तास वाद झाला, त्यात सगळ्यात मोठा आवाज रोबोचा होता.

स्थळं आणणाऱ्यांना थोपवा. गप्प मुलगी दिसली की लोकांना कांदेपोहे दिसतात. "अशीच शांत मुलगी हवी होती आमच्या पुतण्याला", बायोडेटा पाठवा. म्हणजे तिची जी अडचण आहे तीच यांना गुण म्हणून हवीय, पुढे वीस वर्षं हूं की चूं न करणारी. मी एकच उत्तर ठेवलंय, तिलाच विचारा. कोणी विचारत नाही!

"नाही" ची वाक्यं तयार करून द्या. मुकी बिचारी कुणीही हाका, हे ऑफिसात शंभर टक्के खरं आहे. एक सिनियर रोज साडेपाचला आपली एक्सेल शीट हिच्याकडे सरकवायचा आणि ही आठ वाजेपर्यंत बसायची. "ठामपणे नकार दे" असा उपदेश करून उपयोग नसतो, नेमके शब्द लागतात. आम्ही रात्री ओट्यापाशी उभं राहून पाठ केलं, मी सिनियर झाले: "आज जमणार नाही सर, उद्या अकरानंतर बघते." सॉरी नाही, कारण नाही. सात-आठ वेळा म्हणून घेतलं, पाचव्यांदा तिलाच हसू फुटलं. प्रत्यक्षात बोलायला तिला आणखी तीन आठवडे लागले, ते चालतं.

आणि कामापुढे जाऊन कोणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर त्याची माहिती आधीच देऊन ठेवा, तसं झाल्यावर नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, जिथे 10 किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. त्याहून लहान ऑफिस असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिला सांगा तारीख, वेळ, कोण होतं ते त्याच दिवशी मोबाइलमध्ये लिहून ठेव. अशी माणसं आधी हेरतात की कोण ओरडणार नाही, आणि तुमची भाची त्यांना लांबून ओळखू येते.

हे अजिबात करू नका. सोसायटीच्या गणपतीत निवेदनासाठी मी तिला न विचारता तिचं नाव देऊन टाकलं. मला वाटलं एकदा माइक हातात आला की भीड चेपेल. यादीत नाव बघितलं त्या रात्री तिला ताप भरला, खरा ताप, 101, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटी पकडून गावी गेली ती चार दिवसांनी आली. माझ्याशी बोलायला त्याहून जास्त वेळ लागला. ह्यांनी तेव्हा मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. दुसरं म्हणजे तिच्या आईला रोजचा रिपोर्ट देऊ नका, किती वाजता आली, कोणाचा फोन होता. ते कळलं की तुम्ही पण त्याच पक्षात गेलात.

लाजणं आणि आजारपण यातला फरकही बघत राहा. बाहेर निघायच्या आधी रोज उलटी, झोप नाही, छातीत धडधड, खाणं तुटलंय, आठवडेच्या आठवडे असंच, तर मंडईत पाठवून काही होणार नाही, डॉक्टर लागतो. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावून दिलात तरी चालेल, तिथे क्रम वगैरे पाळत बसू नका.

आणि शेवटचं, घराची चावी द्या. स्वतंत्र, तिची. आम्ही दोन महिने दिली नव्हती, घरात कोणीतरी असतंच म्हणून. एकदा दुपारी दोनला दार उघडलं तर ही पायरीवर बसलेली, हाफ डे होता, पाऊण तास झाला होता येऊन, तुम्ही झोपल्या असाल म्हणून बेल नाही वाजवली म्हणाली. त्याच संध्याकाळी चावी करून आणली. तिला लावायला कीचेन घ्यायला गेलो तर रंग कोणताही चालेल. मी म्हटलं मग राहू दे, आणि तशाच परत आलो. तिसऱ्या खेपेला म्हणाली जांभळा.