गुऱ्हाळातल्या शब्दांचे उच्चार साध्या कीबोर्डवर: माझा अनुभव

कोल्हापूरच्या आसपासची गुऱ्हाळं कमी होताहेत, म्हणून तिथले शब्द मी उच्चारासकट एक्सेलमध्ये उतरवून घेतोय. पण आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची (प्रत्येक उच्चाराला वेगळं चिन्ह देणाऱ्या लिपीची) चिन्हं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसते चौकोन दिसायचे.

यावर एक्स-सॅम्पा कामी आली. लंडनचे ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत ध्वनिलिपीचं प्रत्येक चिन्ह साध्या कीबोर्डवरच्या कळांनी लिहिते. ‘मळी’तला ळ म्हणजे एल आणि लगेच ` हे चिन्ह (एस्केपच्या खालची कळ). ‘चुलवाण’मधल्या ण साठी एन आणि तेच चिन्ह. ऱ्हस्व अ ला @. मला सगळ्यात भावलं ते च चं: ‘चुलवाण’ला टी आणि लहान एस, ‘चिपाड’ला टी आणि मोठा एस. देवनागरीत हा फरक दिसतच नाही!

म्हणूनच लहान-मोठं अक्षर फार जपावं लागतं. ऑटोकरेक्ट आधी बंद करा. ‘अडसाली’सारखा शब्द @ ने सुरू झाला की एक्सेल त्याला फॉर्म्युला समजून अडतं, टाइप करण्याआधीच त्या कॉलमचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून ठेवा. आता फाइल कुठंही उघडली तरी उच्चार शाबूत राहतात.