खणाची कोयरी ब्लाउजवर लावताना या चुका टाळा

खणाची कोयरी कापायची, सुती ब्लाउजच्या पाठीवर ठेवायची आणि कडेने दाट झिगझॅग मारायचं. पण शिवून झालं की कोयरीभोवती चुण्या पडतात आणि आपण मशीनला नावं ठेवतो. बहुतेक वेळा चूक कापडाखाली असते. दाट टाका कापड आत ओढतो, खाली आधार नसेल तर पातळ सुती कापड गोळा होणारच. खाली बटर पेपर घ्या. शिवल्यावर तो फाडताना टाके बोटाने दाबून धरा, म्हणजे सैल पडत नाहीत.

खण कापला की लगेच धागे सोडतो. म्हणून आकार कापण्याआधीच मागून इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग लावा. हल्ली बऱ्याच खणांत पॉलिस्टर असतं, तेव्हा इस्त्री आधी कोपऱ्यातल्या तुकड्यावर फिरवून बघा. लाल-जांभळा खण रंग सोडतो का, तेही ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. फिक्या ब्लाउजवर एकदा रंग उतरला की सगळी मेहनत वाया.

टाक्याची रुंदी साधारण 3 मिमी, लांबी 0.4 मिमीच्या आसपास ठेवा. लांबी शून्याला नेली की टाके एका जागी साचतात आणि कापड पुढे सरकत नाही. बॉबिनचा, म्हणजे खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा कमी करा.

खरी कसोटी कोयरीच्या गोलाईवर. चालू मशीनवर कापड ओढून वळवू नका, टाक्यांमध्ये फटी पडतात. बाहेरच्या गोलाईवर सुई कोयरीच्या बाहेर, ब्लाउजच्या कापडात रुतलेली असताना थांबा, मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचला, कापड किंचित फिरवा आणि पुढे चला. कोयरीच्या मानेजवळच्या आतल्या वळणावर उलटं: सुई खणात असताना थांबा. टोकाकडे जाताना रुंदी हळूहळू 1.5 मिमीपर्यंत उतरवा, टोक छान निमुळतं येतं. हे हाताला बसायला दोन-तीन कोयऱ्या रद्दी कापडावर शिवाव्याच लागतात.

गळ्याच्या पायपिंगची पट्टी मात्र उरेबच, म्हणजे कापडावर तिरकीच कापा. सरळ पट्टी गोलाईवर कधीच नीट बसत नाही.

घरी फक्त सरळ शिलाईची काळी मशीन असेल तर फ्युजिंग कोयरीच्या मापाचं कापा, खणाची कड 5 मिमी जास्त ठेवून त्यावर आत दुमडा, कच्चा धावदोरा घाला आणि कडेला लागून बारीक टीप मारा.