प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकही प्रोजेक्ट न हाताळता थेट पीएमपीच्या, म्हणजे अनुभवी प्रोजेक्ट मॅनेजरांसाठीच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या, क्लासची फी भरणं. ही परीक्षा नवख्यांसाठी नाहीच. पदवीधरालाही प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो आणि वर ३५ तासांचं प्रशिक्षण. ३५ तास क्लासमध्ये मिळतात, ३६ महिने मिळत नाहीत. अनुभव नसेल तर सीएपीएम ही त्याच संस्थेची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा द्या. तिला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं.

महिने मोजतानाही भले भले घसरतात. नेहमीचा प्रकार असा: जानेवारी ते डिसेंबर दोन प्रोजेक्ट एकदम सांभाळले, म्हणून अर्जात २४ महिने लिहिले. एकाच काळातले महिने दोनदा धरत नाहीत, ते १२च. त्यात अर्ज ऑडिटला, म्हणजे पडताळणीला, निघाला की तेव्हाच्या वरिष्ठांकडून अनुभवाची खातरजमा करून आणावी लागते. तोवर वरिष्ठांनी कंपनी सोडलेली असते, फायली जुन्या लॅपटॉपबरोबर परत गेलेल्या असतात आणि उमेदवार तारखा आठवत बसतो. म्हणून दर महिनाअखेरीला दहा मिनिटं काढा आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवा: प्रोजेक्ट कधी सुरू झाला, तुम्ही कोणता निर्णय घेतला, त्याने वेळेत किंवा खर्चात काय फरक पडला, दुजोरा कोण देईल. कंपनीचे गोपनीय आकडे मात्र त्यात नकोत. हीच वही मुलाखतीला कामी येते. ‘मीटिंगा लावल्या, फॉलोअप घेतला’ एवढंच सांगणाऱ्याला कोऑर्डिनेटरचंच काम मिळतं.

दुसरी चूक नोकरी लागल्यावरची: ‘९० टक्के झालंय’ हे उत्तर तसंच रिपोर्टमध्ये उतरवणं. दहा दिवसांचं पेमेंटचं काम आठव्या दिवशी ९० टक्के असतं आणि चौदाव्या दिवशीही ९० टक्केच. कोड लिहून झालेला असतो, पण बँकेकडून टेस्टिंगचं खातं आलेलं नसतं आणि ते मागायचं कुणी, हे ठरलेलंच नसतं. टक्के विचारूच नका. काय उरलंय, कुणाकडे अडलंय आणि ते कोणत्या तारखेला सुटेल, हे विचारा. कामाचे दोन-दोन दिवसांचे तुकडे पाडा आणि तुकडा तपासून पूर्ण झाला तरच शंभर धरा, नाहीतर शून्य. सुरुवातीला रिपोर्ट भकास दिसतो, पण खरा असतो.

सॉफ्टवेअर आधी शिकून गँट चार्ट (कामांचं वेळापत्रक दाखवणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता) रंगवणं हीसुद्धा उतावळ्यांची आवडती पळवाट. आधी कागदावर कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते मांडा. एक काम ६ दिवसांचं, त्याच दिवशी सुरू होणारं दुसरं ४ दिवसांचं, आणि दोन्ही संपल्यावर तिसरं ३ दिवसांचं, तर एकूण ९ दिवस लागतात. चार दिवसांच्या कामाला २ दिवसांची सवड आहे, सहाच्या कामाला अजिबात नाही. एवढं हाताने काढता येत नसेल तर टूलला हात लावू नका.

क्लायंटने फोनवर सांगितलेला बदल त्याच दिवशी ईमेलवर लिहून, वाढणारे दिवस आणि खर्च दाखवून मंजूर करून घ्या. त्याआधी टीमला कामाला लावू नका.

जोखमींची यादी पहिल्या आठवड्यात बनवून विसरू नका. प्रत्येक जोखमीपुढे एका माणसाचं नाव हवं, ‘टीम’ हे नाव चालत नाही.

पीएमपी मिळाल्यावर ते टिकवायला दर ३ वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे आणि कामाचे गुण, भरावे लागतात. ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.