सिपोरेक्सच्या भिंती, पांढरी गच्ची आणि पफ पॅनल : या चुका टाळा

नवीन घराच्या भिंतीला वर्षभरात तडे गेले की लोक लगेच म्हणतात सिपोरेक्स (म्हणजे हलके एएसी ब्लॉक) बेकार, वीटच बरी होती. मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक ठिकाणी ब्लॉक चांगला असतो, पण मिस्त्री तो विटेसारखा लावतो, सगळा घोळ तिथं होतो.

एएसी ब्लॉक म्हणजे फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) नाहीतर वाळू, सिमेंट, चुना आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम पावडर, तिच्यामुळं गॅसचे बुडबुडे होतात आणि ब्लॉक आतून सच्छिद्र होतो, म्हणून हलका, म्हणून उष्णता कमी आत येते. पण वीट आपण भिजवून लावतो ना, तसा हा भिजवायचा नाही. पोटात पाणी साठतं, नंतर भिंत सुकताना आकसते आणि तडा जातो. फक्त धूळ ब्रशनं झाडा, ऊन फार असेल तर वरून पाणी शिंपडा, बस. फॅक्टरीतून आलेला गरम ओला ब्लॉक लगेच लावू नका, आणि पावसात झाकून ठेवा.

जोडायला तयार ब्लॉक जॉइंटिंग माल वापरा, २ ते ३ मिमी थर पुरतो. एका दिवसात दीड मीटरच्या वर भिंत चढवू नका. बीमखाली शेवटचा थर ठोकून घट्ट बसवतात ही तर मोठीच चूक, स्लॅब थोडा वाकला की सगळा भार भिंतीवर येतो. तिथं १०-१५ मिमी फट ठेवा, वरच्या मजल्यांचं काम झाल्यावर भरा. कॉलम आणि ब्लॉक जुळतात तिथं प्लास्टरच्या आधी जाळी मारा, हे तर विसरूच नका, सगळ्यात जास्त तडे तिथंच. प्लास्टरमध्ये सिमेंट वाढवलं की मजबूत होईल असं वाटतं, पण ब्लॉकपेक्षा प्लास्टर कडक झालं की तेच फुटतं, १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) ठीक. वायरिंगच्या खाचा कटरनं मारा, छन्नी-हातोड्यानं नको.

आता गच्ची. नागपूर-अकोल्याकडं ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ पेंट खरंच फायद्याचा, पण गळणाऱ्या स्लॅबवर तो मारून गळती थांबत नाही, आधी वॉटरप्रूफिंग, मग पेंट. पावसाळ्यात शेवाळ आणि नंतर धूळ बसली की पांढरेपणा जातो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला गच्ची धुवायचीच.

पत्र्याखाली चंदेरी बबल शीट लावणारे ती पत्र्याला चिकटवतात आणि खालून सीलिंगही टेकवून मारतात. मग काय उपयोग? चंदेरी बाजूसमोर २५ मिमी तरी हवा मोकळी पाहिजे, तरच ती उष्णता अडवते.

आणि पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेलं पॅनल. उष्णतेला भारी आहे पण आतला फोम जळतो आणि धूर विषारी असतो. लंडनला २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला आग लागली तेव्हा बाहेरून लावलेल्या जळणाऱ्या क्लॅडिंगमुळं (भिंतीवरच्या पॅनलच्या आवरणामुळं) ती वरपर्यंत गेली, ७२ माणसं गेली. म्हणून पॅनल घेताना नुसती जाडी आणि रेट विचारू नका, आगीचा टेस्ट रिपोर्ट मागा, आणि जिथं स्वयंपाक होतो किंवा वेल्डिंग चालतं तिथं सरळ रॉकवूलचं (दगडापासून केलेल्या, न जळणाऱ्या लोकरीचं) पॅनल घ्या, तेवढीच उष्णता अडवायला जाड लागेल, वजनही वाढेल, तरी तेच घ्या.