अणुभट्टीसाठीच्या फायबर तापमापकाचे कॅलिब्रेशन कसे करावे

अणुभट्टीच्या गाभ्यात न्यूट्रॉनांच्या माऱ्याने थर्मोकपलच्या (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमापकाच्या) तारांतील काही धातूंचे हळूहळू दुसऱ्या मूलद्रव्यांत रूपांतर होते आणि वाचन ढळत जाते. म्हणून ब्रॅग ग्रेटिंग (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परत फिरवणारी सूक्ष्म रचना) कोरलेल्या ऑप्टिकल फायबरचा पर्याय अभ्यासला जातो. त्याची किरणोत्साराविना होणारी पूर्वतयारी, म्हणजे प्रमाणित थर्मोकपलशी वाचन ताडून घेण्याचे कॅलिब्रेशन, कोल्हापुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतही करता येते.

फायबर निवडताना स्वस्ताईला भुलू नये. फॉस्फरस मिसळलेले फायबर गॅमा किरणांनी इतके काळवंडते की त्याचा उपयोग किरणोत्साराची मात्रा मोजण्यासाठी करतात. शुद्ध सिलिकाचा किंवा फ्लोरीनयुक्त गाभा असलेले फायबर बरेच टिकते. नेहमीचे ॲक्रिलेट आवरण सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंतच चालते, तर पॉलिइमाइडचे ३०० अंशांच्या आसपास.

ग्रेटिंगकडून परावर्तित होणारी तरंगलांबी, १५५० नॅनोमीटरजवळ, दर अंशाला सुमारे १० पिकोमीटरने (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) वाढते. मात्र ताण आल्यासही ती दर मायक्रोस्ट्रेनला (लांबीतील दशलक्षांश वाढीला) सुमारे १.२ पिकोमीटर सरकते. म्हणजे फायबर जरासे ओढले गेले तरी तापमान वाढल्याचा भास होतो. यासाठी ग्रेटिंगचा भाग स्टेनलेस स्टीलच्या बारीक नळीत सैल ठेवावा आणि एकच टोक चिकटवावे. दोन्ही टोके पक्की केली, तर नळीचे प्रसरणच मोजले जाईल. फायबरचे तुटलेले तुकडे चिकटपट्टीने उचलावेत, आणि फायबरमध्ये प्रकाश सोडणारा लेझर चालू असताना टोकात डोकावू नये. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

उद्यमनगरातील लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात दोन भोके शेजारी-शेजारी पाडून घ्यावीत: एक नळीसाठी, दुसरे प्रमाणित थर्मोकपलसाठी. ठोकळा फर्नेसमध्ये ठेवून आधी नियोजित कमाल तापमानापेक्षा थोड्या अधिक तापमानावर काही तास तापवावा, म्हणजे ग्रेटिंगमधील अस्थिर बदल आधीच होऊन जातात. अर्थात आवरणाची मर्यादा ओलांडू नये. मग टप्प्याटप्प्याने तापवत आणि त्याच टप्प्यांनी थंड करत नोंदी घ्याव्यात. चढती आणि उतरती रेषा जुळत नसेल, तर नळीत घर्षण आहे असे समजून जोडणी पुन्हा करावी. गणिताने तो दोष झाकू नये. उकळत्या पाण्याचा बिंदू ताडण्यासाठी वापरायचा असल्यास १०० अंश धरू नयेत: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने येथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. मोठ्या पल्ल्यात सरळ रेषा पुरत नाही, वर्गसमीकरण बसवावे.

वाचन तरंगलांबीत असल्यामुळे फायबर थोडे काळवंडले तरी चालते, हा या पद्धतीचा खरा फायदा. मात्र किरणोत्सार स्वतःही तरंगलांबी सरकवतो. ती सरक मान्यताप्राप्त गॅमा कक्षातच (गॅमा किरणांचा मारा करण्यासाठीच्या सुरक्षित खोलीतच), तापमान स्थिर राखून आणि शेजारी थर्मोकपल ठेवून मोजावी, आणि कॅलिब्रेशनच्या सूत्रात न मिसळता वेगळ्या स्तंभात नोंदवावी.