दिसणार नाही असं कानाचं मशीन: कोणाच्या कानाला चालतं, कोणाच्या नाही

भाजीवाला ‘पाच’ म्हणाला की ‘सात’, हे त्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय कळेनासं झालं, तर कानाचं दुखणं त्या दोन शब्दांतच सापडतं. दोन्हींत ‘आ’ आहे. तो जाड, भरदार. तो ऐकू येतो. प, च, स, त ही व्यंजनं हलकी आणि बारीक, ती गळून जातात. म्हणूनच ‘आवाज येतो, पण शब्द उमगत नाही’ अशी तक्रार असते. वयामुळे कान मंदावले, किंवा जिनिंग, रोलिंग मिल, पिठाची गिरणी अशा आवाजात वर्षं गेली, की सुरुवात बहुतेक अशीच होते: बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज शाबूत राहतात.

अशा माणसाला मशीन हवं असतं, पण ते चारचौघांत दिसायला नको असतं. यात वावगं काही नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला, वर्गात शिकवणाऱ्याला, लग्नाचं बघणं चालू असलेल्या मुलीला ते दिसू नये असं वाटणारच. फक्त मशीन कानात किती आत जाईल, हे आपल्या मनावर नसतं. ते ऐकण्याची पातळी, कानाची नळी आणि हाताची बोटं यांवर ठरतं. हे तीन जुळले तर खुशाल लपवा. न जुळता घेतलं, तर महागाचं मशीन महिनाभरात कपाटात जातं.

आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर

मशीनच्या दुकानात जाण्याआधी कान दाखवून घ्या. नुसता मळ घट्ट बसल्यानेही ऐकू कमी येतं आणि तो काढला की काम भागतं. पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल, किंवा कानातलं बारीक हाड आखडलं असेल, तर औषधाने वा ऑपरेशनने फरक पडू शकतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख संस्था, या सरकारी ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे.

दोन गोष्टींत थांबू नका. एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, तर ती तातडीची बाब आहे. पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर कान परत येण्याची आशा जास्त असते. आणि एकाच कानाचं ऐकणं कमी होत चाललं असेल, सोबत त्याच कानात गुंई वाजत असेल, तर कारण शोधल्याशिवाय मशीन लावू नये.

त्यानंतर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं मोजून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे तपासणी. आवाज आत न येणाऱ्या खोलीत हेडफोन लावून ऑडिओमेट्री होते, पडद्याच्या हालचालीची टिम्पॅनोमेट्री होते, आणि शब्द ऐकवून ते किती बरोबर सांगता येतात हे पाहिलं जातं. ही शेवटची तपासणी वेळ वाचवण्यासाठी गाळली जाते. ती मागून घ्या. आवाज मोठा करूनही शब्द बरोबर येत नसतील, तर मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची ते इथेच समजतं. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो नंबर विचारायला संकोच करू नका.

कागदावरचा आलेख वाचायचा कसा

ऑडिओमेट्रीच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. त्यावर डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ असे आकडे असतात: डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. वरून खाली डेसिबल वाढत जातात. रेष जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. लाल गोल उजव्या कानाचा, निळी फुली डाव्या कानाची. नेहमीच्या मोजपट्टीत २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र बहिरेपण धरतात.

सगळ्यात महत्त्वाचा आहे रेषेचा उतार. ती सगळीकडे सारखीच खाली आहे, की डावीकडे वर राहून २००० च्या पुढे एकदम कोसळते? आवाजाच्या कामात कान गेलेल्यांना ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो. हा उतार नीट पाहून ठेवा, मशीनची निवड बरीचशी यावरच होते.

कानातल्या मशीनचे आकार

सगळ्यात लहान आयआयसी. ते कानाच्या नळीच्या दुसऱ्या वळणापर्यंत आत जातं आणि समोरून दिसत नाही. त्याच्या थोडं बाहेर सीआयसी. कानात डोकावून पाहिलं तर त्याचं टोक दिसतं. दोन्हींना बाहेर काढण्यासाठी केसासारखी नायलॉनची दोरी असते. आयटीसी नळीच्या तोंडाशी बसतं, आणि आयटीई कानाची वाटी भरतं.

जितकं लहान, तितकं त्यात मावतं कमी. आयआयसी आणि सीआयसीमध्ये बहुधा एकच माइक असतो. पुढचा आवाज उचलून मागचा दाबायला दोन माइक लागतात, म्हणून लग्नाच्या मांडवात, बसस्टँडवर, जेवणाच्या पंगतीत या मशीनला मर्यादा पडतात. ब्लूटूथही त्यांत सहसा नसतं. आवाजाची ताकदही बेताची. ऐकण्यातली उणीव साधारण ७० डेसिबलच्या पुढे गेली असेल तर लहान मशीन पुरं पडत नाही, ते शिट्टी मारतं. उलट फोन कानाला नेहमीसारखा लावता येतो, हेल्मेट घालताना-काढताना अडकत नाही, मास्क आणि चष्म्याच्या काड्यांत गुंतत नाही, कानाच्या पाळीमुळे वाऱ्याचा घोंगाट कमी होतो. मोटारसायकलवर तालुक्याला ये-जा करणाऱ्यासाठी हे फायदे खरेच मोठे आहेत.

आता तो उतार. ज्याला जाड आवाज अजून चांगले ऐकू येतात, त्याच्या कानाची नळी मशीनने बंद केली, की त्याला स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. चिवडा खाल्ला तरी डोक्यात गिरणी चालल्यासारखं होतं. बोलताना-चावताना तयार होणारा जाड आवाज हाडावाटे नळीत येतो, एरवी तो बाहेर निघून जातो, बूच बसलं की आतच कोंडतो. मशीनमध्ये हवेसाठी आरपार भोक ठेवतात, त्याला व्हेंट म्हणतात. पण इवल्याशा कवचात मोठं भोक पाडायला जागाच नसते, आणि भोक मोठं झालं की बाहेर पडलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते.

त्यामुळे ‘पाच-सात’च्या तक्रारीवाल्याला पुष्कळदा आयआयसीपेक्षा आरआयसी बरं पडतं. त्यात मशीनचा शेंगदाण्याएवढा भाग कानामागे राहतो, केसासारखी बारीक तार पुढे येते आणि नळीत जाळीदार मऊ डोम बसतो. नळी उघडी राहते, घुमत नाही, दोन माइक मिळतात. केस जरा वाढलेले असले, डोक्यावर पदर किंवा टोपी असली तर तेही कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘कानाच्या आतच’ असं नव्हे. विकत घेण्याआधी दोन्ही लावून, स्वतः बोलून, काहीतरी चावून पाहा.

कोणी आत घालू नये

कान वाहत असेल किंवा वरचेवर वाहत असेल, तर नळी बंद करणारं मशीन टाळा. ओल कोंडते, कान पुन्हा चिघळतो आणि मशीनही जातं. मळ फार होणाऱ्याने, किंवा नळी फार अरुंद वा वाकडी असणाऱ्याने आयआयसीचा हट्ट धरू नये. लहान मुलांची नळी वाढत असते, त्यांना कानामागचंच द्यावं.

आणि बोटं. हात थरथरत असतील, बोटांना बधिरपणा असेल, नजर अधू असेल, तर एक परीक्षा घ्या: डाळीच्या दाण्याएवढी १० नंबरची बॅटरी घेऊन छोटं दार उघडायचं, ती बसवायची, दार लावायचं. आजोबांना हे स्वतः जमलं पाहिजे. सून-मुलगा कामावर गेल्यावर बॅटरी संपली तर दिवसभर कोण बदलणार?

माप देताना

आयआयसी-सीआयसी मापावर बनतात. ऑडिओलॉजिस्ट दुर्बिणीने कान पाहतो, मळ असेल तर आधी काढायला सांगतो, मग दोरा बांधलेला कापूस किंवा स्पंज नळीत बसवतो आणि पिचकारीने मऊ सिलिकॉन भरतो. लहान मशीनसाठी हा स्पंज दुसऱ्या वळणाच्या पुढे जायला हवा. तो अलीकडेच राहिला तर साचा आखूड निघतो आणि मशीन वर येत राहतं. साचा बाहेर आल्यावर पाहा: त्यात दोन्ही वळणं उमटलेली असावीत, कुठे बुडबुडा वा चीर नसावी. तोंड उघडल्यावर नळीचा आकार बदलतो, म्हणून जबडा हलवायला सांगितला तर हलवा. कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर हे आधीच सांगा. आत पोकळी असली तर सिलिकॉन तिथे अडकू शकतं, आणि असं माप डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यावं.

दुखलं, टोचलं, ढिलं झालं तर कवच किती दिवसांत फुकट बदलून मिळेल, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या. भाव एका कानाचा की जोडीचा, वॉरंटी किती वर्षांची, पुन्हा प्रोग्रॅमिंग करायला, म्हणजे मशीनचे आवाज कानाला जुळवून घ्यायला, किती वेळा यायचं, हेही तिथेच विचारा. पुण्या-मुंबईहून स्वस्त आणलेल्या मशीनच्या दुरुस्तीला दर वेळी पुण्याला जावं लागलं, तर स्वस्ताई जाण्या-येण्यात संपते. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर हटका. दोन्ही कान कमी असतील तर शक्यतो दोन्हींना लावा. आवाज कुठून येतो हे दोन कानांवरूनच कळतं, आणि रस्ता ओलांडताना ते कामाचं असतं.

आठवडी बाजारात किंवा मोबाइलवर हजारभर रुपयांत मिळणारं ‘कानाचं मशीन’ आलेख न पाहता सगळेच आवाज सरसकट वाढवतं. कुकरच्या शिट्टीला आणि फटाक्याला त्यात लगाम नसतो. उरलेलं ऐकणंही त्याने जाऊ शकतं.

मदतीचं म्हणाल तर, राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदा ३००० रुपये खात्यात मिळतात. केंद्राच्या एडिप योजनेतून दिव्यांगांना मशीन मिळतं, पण ते सहसा कानामागचं. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांना ६० डेसिबलच्या पुढे उणीव असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो.

पहिला महिना

पहिल्या दिवशी भांड्यांचा खडखडाट, पंख्याची घरघर, स्वतःच्या पावलांचा आवाज अंगावर येतो. मेंदू हे आवाज विसरलेला असतो. सुरुवातीला शांत घरात, एका माणसाशी बोलताना दोन-तीन तास लावा, मग रोज वाढवत न्या. लग्नाला जाऊन पहिली चाचणी घेऊ नका. कुठे, कोणता आवाज बोचतो हे वहीत लिहून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी प्रोग्रॅमिंगला जाताना ती वही न्या. ‘बरोबर वाटत नाही’ या तक्रारीवरून काही बदलता येत नाही. ‘ताट ठेवल्याचा आवाज टोचतो’ यावरून येतं.

रोजची निगा

आपल्याकडे कानात कोमट तेल सोडायची सवय आहे. मशीन वापरणाऱ्याने ती कायमची सोडावी. तेल स्पीकरच्या तोंडातून आत झिरपलं की मशीन मुकं होतं. डोक्याला तेल, अंघोळ, मेंदी-कलप, कटिंग, सगळं मशीन काढून.

रात्री मशीन काढल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसा. ब्रश मारताना स्पीकरचं तोंड खाली धरा, म्हणजे मळ आत न ढकलला जाता खाली पडतो. पाणी, स्पिरिट, सुई लावू नका. बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. उन्हाळ्यात घामामुळे आणि पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे हे दोन्ही ऋतूंत लागतं.

बॅटऱ्यांचे रंग ठरलेले आहेत: १० नंबर पिवळी, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळी. आयआयसी-सीआयसीला बहुधा १० नंबर लागते आणि ती ३ ते ७ दिवस टिकते. या झिंक-एअर बॅटऱ्या हवेवर चालतात. स्टिकर काढून दोनेक मिनिटं उघडी ठेवा, मग बसवा. स्टिकर काढला की ती वापरा न वापरा, उतरायला लागते. एप्रिल-मेच्या ४२ अंशांच्या कोरड्या हवेत ती लवकर सुकते, म्हणून पाकीट गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याखाली ठेवू नका.

बिघाड झाल्यासारखं वाटलं तर

आवाज अजिबात येत नसेल तर आधी नवी बॅटरी घाला, अधिक चिन्ह वर आहे का ते पाहा. तरी नाही, तर स्पीकरच्या तोंडावरचा पांढरा वॅक्स गार्ड, म्हणजे मळ अडवणारी बारीक जाळी, पाहा. बंद पडलेल्या मशीनचं सर्वांत नेहमीचं कारण हेच: मळाने बुजलेला गार्ड. नव्या गार्डसोबत येणाऱ्या काडीच्या एका टोकाने जुना ओढून काढायचा, दुसऱ्या टोकाचा नवा दाबून बसवायचा; ऑडिओलॉजिस्टसमोर एकदा स्वतःच्या हाताने करून घ्या.

शिट्टी वाजत असेल तर मशीन काढून पुन्हा बसवा: एका हाताने कान वर-मागे ओढा, मशीन किंचित फिरवत आत सरकवा. उजव्याला लाल, डाव्याला निळी खूण असते, उलटं घातलं तरी शिट्टी येते. तरीही वाजली तर कानात मळ साचलाय का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या. वजन उतरलं किंवा दातांची कवळी बदलली की नळीचा आकार बदलतो, मग नवं कवच लागतं. आवाज अडखळत, खरखरत येत असेल तर रात्रभर सिलिका डबीत ठेवून सकाळी पाहा.

आणि जुनी बॅटरी उशाला ठेवू नका. लहान मूल ती तोंडात घालतं, कुत्रं मशीन चावतं. मुलाने बॅटरी गिळली किंवा नाकात घातली, तर रडतंय की नाही याची वाट न पाहता ताबडतोब दवाखाना गाठा आणि बॅटरीचं पाकीट सोबत न्या.