डोमेनचं नाव निवडताना गूगलचा विचार किती करायचा?

रत्नागिरीजवळ पावसला तुमची हापूसची बाग आहे असं धरू. आजवर पेट्या वाशीच्या मार्केटला जात होत्या, यंदा थेट गिऱ्हाइकाला घरपोच माल द्यायचं ठरलंय. वेबसाइट करायची म्हटल्यावर पहिला सल्ला हमखास येतो: “डोमेनमध्येच, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातच, ‘रत्नागिरी हापूस ऑनलाइन’ टाका, गूगलवर वर येतं.” हा सल्ला पंधराएक वर्षांपूर्वी बऱ्यापैकी खरा होता. आज तो देणाऱ्याने मधल्या काळात काही वाचलेलं नाही, नाहीतर त्याच्याकडे तसलं एखादं डोमेन विकायला पडून आहे.

तेव्हा लोक शोधतात तोच शब्दसमूह जसाच्या तसा डोमेन म्हणून घेतला, की सुमार मजकुराची साइटही पहिल्या पानावर यायची. सप्टेंबर २०१२ मध्ये शोधातल्या फसव्या साइट्स रोखणाऱ्या गूगलच्या वेबस्पॅम टीमचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जाहीर केलं, की अशा निकृष्ट साइट्सना खाली ढकलणारा बदल येतोय. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर त्याचा जाणवण्याइतका परिणाम होईल, असंही त्यांनी सांगितलं. आता तर गूगलच्या स्वतःच्या एसइओ (साइट शोधात वर आणण्याच्या) मार्गदर्शिकेतच लिहिलंय, की डोमेनच्या नावातल्या कीवर्डचा, म्हणजे लोक शोधतात त्या शब्दांचा, रँकिंगवर (निकालातल्या क्रमावर) जवळजवळ काहीच परिणाम होत नाही.

मग नाव कसंही ठेवलं तर चालतं का? नाही. चांगल्या नावाने तुम्ही आपोआप वर जात नाही, पण वाईट नावाने नुकसान मात्र नक्की होतं. ते कुठे कुठे होतं, त्या क्रमानेच पुढच्या पायऱ्या लावल्या आहेत.

१. आधी धंद्याचं नाव ठरवा, कीवर्ड नंतर

लोक एकदा आंबा खाऊन खूश झाले की पुढच्या वर्षी ‘हापूस ऑनलाइन’ शोधत नाहीत, तुमचं नाव शोधतात. नावाने शोधणारं गिऱ्हाईक हे सगळ्यात पक्कं, आणि त्या शोधात पहिलं येणं सगळ्यात सोपं. ‘हापूस मँगो ऑनलाइन पुणे’ असलं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय तेच शब्द घेऊन दहा जण आधीच बसलेले असतात.

दुसरी अडचण दोन वर्षांनी कळते. आंब्याचा हंगाम संपला की बाकीचे महिने काय विकणार? काजूगर, कोकम, आंबापोळी, फणसपोळी. डोमेनवर ‘हापूस’ आणि ‘पुणे’ कोरलेलं असेल, तर नागपूरच्या माणसाला कोकम विकताना ते नाव आडवं येतं. नावात एखादा ओळख देणारा शब्द असायला हरकत नाही. उदाहरणापुरतं ‘पावसबाग’ घ्या. बाग कळते, गाव कळतं, आणि उद्या काहीही विकता येतं.

२. स्पेलिंगची परीक्षा घ्या

मराठी नावांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि इंग्रजी नावांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत याचा पत्ताच नसतो. डोमेन बहुतेक वेळा रोमन लिपीत असतं आणि मराठी शब्द रोमनमध्ये लिहिण्याची एकच पद्धत नाही. ‘पावस’मधला ‘व’ कोणी व्हीने लिहील, कोणी डब्ल्यूने. ‘लक्ष्मी’ एक्सने लिहिणारे जितके, तितकेच के-एस-एचने लिहिणारे. ‘ज्ञान’ लिहिताना आपल्याकडे डी-एन-वाय येतं, हिंदी भागातला माणूस जी-वाय लिहितो. ‘आ’साठी ए एक की दोन, यावर तर घरातल्या घरात मतभेद असतात. ‘ळ’ आणि ‘ण’ यांचं काय होतं ते विचारूच नका.

म्हणून नाव पक्कं करण्याआधी चार-पाच जणांना फोन करा. फक्त नाव उच्चारा, स्पेलिंग सांगू नका आणि ऐकलं तसं टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. त्यात एखादी मावशी आणि एखादा कॉलेजातला पोरगा असू द्या. सगळ्यांनी सारखंच लिहिलं तर नाव उत्तम. दोन प्रकारे लिहिलं गेलं तर दोन्ही डोमेन घ्या, एक मुख्य ठेवा आणि दुसरं त्याच्याकडे वळवा. तीन-चार प्रकार आले तर सरळ नवीन नाव शोधा.

मग तेच नाव गूगलमध्ये टाकून पाहा. गूगल आपल्या मनाने स्पेलिंग दुरुस्त करून भलतंच काही दाखवतंय का? ‘पावस’चा ‘पाऊस’ होऊन हवामानाचा अंदाज समोर आला, तर सुरुवातीला स्वतःच्याच नावासाठी झगडावं लागेल. त्या नावाची मोठी कंपनी आधीच असेल तर तो नाद सोडाच. भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या साइटवर शोध मोफत घेता येतो, तोही याच बैठकीत उरकून घ्या.

हायफनबद्दल बरंच बोललं जातं. एखाद्या हायफनने रँकिंग घसरत नाही, पण फोनवर “मध्ये डॅश आहे हां” असं प्रत्येकाला सांगत बसावं लागतं. दोन-तीन हायफनचं नाव मात्र बघणाऱ्यालाच बनावट वाटतं आणि तो क्लिक करत नाही. अंडरस्कोअर तर डोमेनमध्ये चालतच नाही.

३. शेपूट कोणतं? डॉट कॉम, डॉट इन की आणखी काही?

गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर बिनधास्त डॉट इन घ्या. ते भारताचं कंट्री कोड (देशाची खूण) आहे आणि साइट भारतातल्या लोकांसाठी आहे, असा संकेत गूगलला त्यातून मिळतो. संकेत छोटाच, पण फुकटचा. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना पेट्या पाठवायचा विचार असेल तर डॉट कॉम बरं, कारण तिथे डॉट इनचा शिक्का उलट आड येऊ शकतो. परवडत असेल तर दोन्ही घेऊन ठेवा.

डॉट आयओ, डॉट एआय, डॉट को, डॉट टीव्ही ही मुळात निरनिराळ्या देशांची शेपटं, पण गूगल त्यांना देशाशी न जोडता डॉट कॉमसारखंच धरतं. डॉट शॉप, डॉट स्टोअर अशा नव्या शेपटांत ‘दुकान’ हा अर्थ आहे म्हणून रँकिंग वाढत नाही. हे गूगलने २०१५ मध्येच स्पष्ट केलं होतं. यातली काही पहिल्या वर्षी चहाच्या किमतीत मिळतात. दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअलचा दर बघितल्याशिवाय त्यांना हात लावू नका. स्वस्त म्हणून स्पॅमवाल्यांनी भरून टाकलेल्या शेपटांपासून तर दूरच राहा.

आणि डॉट भारत? ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत पूर्ण डोमेन घेता येतं, मराठीतही. गूगल ते व्यवस्थित वाचतं. पण यंत्रणेच्या पोटात हे नाव ‘एक्सएन’ आणि दोन हायफननी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या रूपात साठवलेलं असतं, आणि लिंक कॉपी करून पाठवली की कधीकधी तेच अगम्य रूप समोरच्याला दिसतं. देवनागरी पत्त्यावरचा ईमेलही सगळीकडे चालेलच असं नाही. माझं मत: हौसेने जरूर घ्या, पेटीवर छापा, पण ते मुख्य डोमेनकडे वळवलेलं असू द्या.

४. नावाचा पूर्वेतिहास काढा

तुम्हाला हवं ते डोमेन मोकळं दिसतंय म्हणजे ते कोरं असेलच असं नाही. ते पूर्वी कोणाकडे असेल आणि त्यावर जुगाराच्या किंवा बनावट औषधांच्या जाहिराती चालल्या असतील, तर ते बालंट तुमच्या गळ्यात पडतं. वेबसाइट्सची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर नाव टाकून जुनी पानं उघडा. मध्येच चिनी अक्षरांची किंवा कॅसिनोची पानं दिसली तर ते नाव सोडून द्या. घेऊन झालेलं असेल तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या मोफत साधनात) मालकी सिद्ध करून ‘मॅन्युअल ॲक्शन्स’चं, म्हणजे गूगलने साइटवर केलेल्या कारवाईचं पान बघा. तिथे काही नोंद दिसली तर दोष दूर करून गूगलकडे फेरविचाराची विनंती करता येते.

“पंधरा वर्षं जुनं डोमेन आहे, लगेच रँक होतं” म्हणून हजारो रुपये मागणारे भेटतील. डोमेनच्या नुसत्या वयाला गूगल गुण देत नाही. दहा वर्षांची नोंदणी एकदम केल्यानेही काही मिळत नाही. ही समजूत पसरली ती २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गूगलच्या एका पेटंट अर्जामुळे. पेटंटमध्ये लिहिलेली प्रत्येक गोष्ट वापरात असतेच असं नाही, पण विकणाऱ्यांना तेवढं निमित्त पुरलं. उलट मार्च २०२४ पासून, मुदत संपलेल्या जुन्या डोमेनच्या पुण्याईवर निकृष्ट मजकूर वर चढवण्यासाठी ते विकत घेणं हा गूगलच्या लेखी उघड स्पॅम आहे.

५. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या

वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यातून नाही. खातं तुमचं, ईमेल तुमचा, ओटीपी तुमच्या मोबाइलवर. हे एवढं केलं नाही म्हणून स्वतःच्याच नावासाठी हात जोडत फिरणारे दुकानदार मी बरेच पाहिलेत.

ऑटो-रिन्यू चालू ठेवा, आणि त्याला जोडलेलं कार्ड बाद झालेलं नाही ना, हेही वर्षातून एकदा बघा. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारप्रमाणे (म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीप्रमाणे) जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत, मग जादा दंड भरून सोडवून घ्यायचे ३० दिवस, मग आणखी ५ दिवस, आणि त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं. आंबेवाल्यांना इथे खास धोका आहे. हंगाम संपल्यावर साइटकडे कोणी फिरकत नाही, रिन्यूअलचे मेल न वाचताच पडून राहतात, आणि फेब्रुवारीत बुकिंग उघडायला जावं तर साइटच नाही. तोवर गूगलनेही पानं काढून टाकलेली असतात.

६. कीवर्ड त्यांच्या जागी ठेवा

‘रत्नागिरी हापूस घरपोच, पुणे’ हे शब्द वाया घालवायचे नाहीत. ते पानाच्या टायटलमध्ये आणि मोठ्या मथळ्यात जातात, कारण गूगल ते तिथे खरोखर वाचतं. पुण्यासाठी वेगळं पान हवं असेल तर त्यात पुण्याची खरी माहिती हवी: कोणत्या भागात कधी डिलिव्हरी, पेटी किती डझनाची, फळ डागी निघालं तर काय.

आणखी एक सोय फार थोडे वापरतात. शोधाच्या निकालात पत्त्याच्या वर साइटचं नाव दिसतं. ते काय असावं हे होमपेजवरच्या ‘वेबसाइट’ प्रकारच्या स्ट्रक्चर्ड डेटातून (गूगलसाठी पानाच्या कोडमध्ये ठरावीक साच्यात दिलेल्या माहितीतून) सुचवता येतं, आणि तिथे देवनागरी चालते. डोमेन रोमन आणि नाव ‘पावसबाग’, असं दोन्ही साधतं.

७. आधीच वाईट नाव घेतलेलं असेल तर

साइट नीट चालत असेल तर फक्त रँकिंगसाठी नाव बदलू नका, त्यातून काहीच वाढणार नाही. धंद्यासाठीच बदलायचं असेल तर पावसाळ्यात बदला, मार्चमध्ये नाही. स्थलांतरानंतर काही आठवडे निकाल वरखाली होतात.

जुन्या साइटचं प्रत्येक पान नव्या साइटवरच्या त्याच पानाकडे ३०१ रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदललाय असं सांगणाऱ्या वळणाने) वळवा. सगळी पानं होमपेजवर ढकलण्याचा शॉर्टकट मारलात तर इतर साइट्सनी जुन्या पानांना दिलेल्या लिंकांची कमाई बरीचशी वाया जाते. जुनं आणि नवं, दोन्ही डोमेन सर्च कन्सोलच्या एकाच खात्यात जोडून तिथला ‘चेंज ऑफ ॲड्रेस’ (पत्ता बदलल्याची सूचना) भरा. गूगल बिझनेस प्रोफाइल, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बिझनेस इथले पत्ते त्याच दिवशी बदला. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. पण जुन्या पेट्यांवर, बिलांवर आणि लोकांच्या फोनमध्ये तो पत्ता त्याहून कितीतरी जास्त काळ राहतो, तेव्हा जुनं डोमेन दरवर्षी रिन्यू करत राहा आणि वळवलेलंच ठेवा.